न विरघळणारी म्हैस

गुढीपाडवा उलटला की आमच्या शेडमध्ये शाडूची पोती येऊन पडतात, आणि त्याच सुमाराला नदीचं पाणी ओसरून म्हैस चौथऱ्यासकट उघडी पडते. या दोन्ही गोष्टी मला आवडत नाहीत. शाडूचं एक वेळ ठीक आहे. वय झालं, गुडघे वाकत नाहीत, आता पोत्याकडे नुसतं बघूनच कंबर धरते. म्हशीचं मात्र कुणाला सांगायची सोय नाही. सिमेंटच्या म्हशीवर माणसाने जळायचं तरी किती वर्षं? बायको म्हणते, "चाळीस वर्षं होत आली, अजून तुमच्या पोटात दुखतंय?" मी म्हणतो, दुखतंय. खोटं कशाला बोलू?

ज्यांनी ती म्हैस पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून उतरलेली आमची नदी बोरिवलीतून वळत वळत दहिसरला जाते आणि पुढे खाडीला मिळते. वाटेत एक छोटा पूल आहे. त्या पुलावर उभं राहून वरच्या अंगाला बघितलं की पात्राच्या मधोमध म्हैस बसलेली दिसते. मान जरा डावीकडे वळवलेली, एक कान मागे टाकलेला, सगळं वजन एका कुल्ल्यावर सोडून दिलेलं. नवखा माणूस हटकून फसतो. परवाच एक बाई रिक्षावाल्याला थांबवून विचारत होत्या, "अहो, ती सकाळपासून तिथेच आहे, आजारी आहे का?" रिक्षावाला हसला. मी नाही हसलो. मनात म्हटलं, बाई, ती आजारी नाही, आजारी मी आहे.

आता त्या नदीला पुष्कळजण नाला म्हणतात आणि नाक दाबून पूल ओलांडतात. ऐंशीच्या दशकात तसं नव्हतं. काठाला तबेले होते, धोब्यांचे दगड होते, चैत्र-वैशाखात पाणी घोट्याएवढं उरायचं पण तळाची वाळू दिसायची. दुपारी तबेल्यातल्या म्हशी सोडल्या की त्या आपणहून रांगेने पाण्याकडे निघायच्या. ज्याला शेण, साबण आणि ओली माती यांचा एकत्र वास माहीत आहे, त्याला ती दुपार वेगळी सांगायला नको. आमची शेड तिथेच, काठावर, उंबराच्या झाडाला टेकलेली. वर पत्रे, बाजूला बांबूचे तट्टे आणि आत फळ्यांवर ओळीने गणपती, डोळे नसलेले.

बाबा सावंतवाडीकडचे. घरचा धंदा गणपतींचा, पण पोटाला पुरत नाही म्हणून परळला गिरणीत लागले आणि हंगामापुरते मूर्ती करत राहिले. गिरण्यांचा संप झाला तेव्हा त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. मग हंगाम हेच वर्ष झालं. पाडव्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत आम्ही दोघं मातीत, आणि उरलेले महिने पुढच्या पाडव्याची वाट बघत. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आणि आमच्यात तिसरा होता भास्कर.

भास्कर माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला, एका बाकावरचा. त्याचे वडील दुष्काळात बीडकडून मुंबईला आले आणि पालिकेत रस्त्याच्या कामावर लागले. त्याच्या घरी गणपती बसत नसे, ती मंडळी बौद्ध. पण आठवीत असताना तो एकदा माझ्यासोबत शेडमध्ये आला, मातीच्या गोळ्याला बोट लावलं आणि तिथलाच झाला. बाबा त्याच्या हाताकडे बघत राहायचे. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "माती ह्येचा आयकता रे. तुझ्याशी भांडता." त्यांनी ते सहज म्हटलं. मी ते आजपर्यंत विसरलेलो नाही.

पुढे तो कलाशाळेत गेला. मी गेलो नाही. घरात सांगितलं की शेड कोण सांभाळणार, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. खरं कारण निराळं होतं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म आम्ही दोघांनी आणला होता. तो पास होईल आणि मी नापास होईन याची मला खात्री होती, म्हणून मी फॉर्म भरलाच नाही. न खेळलेल्या डावात कुणी हरत नाही, एवढी अक्कल मला त्या वयात होती. तो मात्र कलाशाळेची पाच वर्षं दर हंगामात आमच्याकडे येत राहिला, तिकडचं मातीकाम संपवून इकडचं करायला.

मत्सर एका दिवसात उगवत नाही म्हणतात. माझा उगवला. तो दिवस मला दाखवता येतो. गणपतीच्या कामात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. माती मळणं, साच्यात दाबणं, हात-सोंड जोडणं, रंग देणं हे कुणीही करावं. डोळे काढायचे ते शेडच्या मालकानेच. श्वास धरून बारीक ब्रशाने बुबुळ ठेवायचं. केसभर इकडचं तिकडे झालं की गणपती तिरळा बघतो आणि घरी नेणारा माणूस दहा दिवस अस्वस्थ राहतो. आखणीच्या दिवशी बाबा आंघोळ करून कुणाशी न बोलता बसत. तो ब्रश कधीतरी माझ्या हातात येईल म्हणून मी आठ वर्षं थांबलो होतो. त्या भाद्रपदाच्या तोंडावर बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. मी सकाळीच हात स्वच्छ धुऊन, नखं काढून तयार होतो. बाबांनी ब्रश उचलला, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "आज डोळे भास्कर काढतलो."

"काका, सुऱ्या आहे ना," भास्कर म्हणाला.

"आसा. पण तू काढ."

त्याने काढले. चांगले काढले. वाईट काढले असते तर मी त्याला जन्मभर जीव लावला असता. मी कोपऱ्यात बसून मुकुटांना सोनेरी लावत होतो, आणि माझ्या मनात जे आलं ते लिहायला आज लाज वाटते, पण आलं होतं: ज्याच्या घरी गणपती बसत नाही, त्याने गणपतीला डोळे द्यायचे? एवढ्या वर्षांत असला विचार माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता. मत्सराला घरात घेतलं की तो आपले सगळे नातेवाईक घेऊन येतो. त्या रात्री जेवताना आईने विचारलं, काय झालं रे, तर मी म्हटलं, आमटी खारट आहे.

त्याच्या पुढच्या हंगामाची ही गोष्ट.

माघात वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी परिसर सुंदर करण्यासाठी एक समिती काढली होती. पुलाजवळ नदीच्या पात्रात एक कायमचं शिल्प उभारायचं, इच्छुकांनी नमुने आणावेत. सूचनेतल्या ‘कायमचं’ या शब्दापाशी मी उभा राहिलो. आमच्या कामाची आयुष्यं दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा दिवस. त्यानंतर आम्हीच घडवलेलं आम्हीच वाजतगाजत पाण्यात सोडणार आणि दुसऱ्या दिवशी तळाला चिखल. मला त्याचं कधी दुःख नव्हतं, किंवा नव्हतं असं वाटत होतं. तो शब्द वाचला आणि मला कळलं की माझ्या हातची एक तरी गोष्ट पाण्यात टिकून राहावी, याशिवाय मला आयुष्यात दुसरं काहीही नको आहे.

दोन महिने खपून मी गंगामाई केली. मगरीवर उभी, एका हातात कलश, दुसरा आशीर्वादाचा, पदराच्या चुण्या मोजून घ्याव्यात अशा. प्लास्टरमध्ये ओतून, घासून, पांढऱ्या कापडात गुंडाळून मी ती वाचनालयात नेली. भास्कर बुटाच्या खोक्यात काहीतरी घेऊन आला. झाकण काढलं तर आत मूठभर म्हैस. आमच्याच शाडूची, आमच्याच शेडमध्ये बसून केलेली, आणि मला पत्ता नाही.

समितीचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते, सगळे त्यांना सर म्हणत. एक सभासद म्हणाले, "म्हैस? लोक हसतील हो. शिवाय यमाच्या वाहनाची जात ती." सर उठून खिडकीशी गेले. खाली नदीत तीन-चार म्हशी बसल्या होत्या. "नदीत कोण बसलंय ते या बघा," सर म्हणाले. मग माझ्या गंगामाईकडे वळून, अगदी प्रेमाने, "आणि बाळ, मगर इथे पाहिलीय का कधी कुणी?" सगळे हसले. मीही हसलो. तसं हसताना तोंडाचे कोणते स्नायू दुखतात ते मला तेव्हा कळलं. माझी गंगामाई एका म्हशीकडून हरली होती.

सरांनी एकच अट घातली: पुरात म्हैस बुडता कामा नये. शिल्प लोकांना बघण्यासाठी असतं, पाण्याखाली गेलं तर काय उपयोग? चौथरा पुराच्या रेघेच्या वर हवा. भास्कर मान डोलावून हो म्हणाला.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी बिडी विझवली. मग म्हणाले, "पाण्यात सोडूची मूर्ती ती इरघळाक. जी इरघळणा नाय ती पाण्यात कित्याक व्हयी?" मला ते ऐकून गार वाटलं. निदान बाबा तरी माझ्या बाजूचे, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बाबा भास्करला लोखंडी सळ्या कुठे वाकवून मिळतील ते समजावून सांगत होते.

नदीत बांधकाम करायचं तर ते चैत्र-वैशाखातच. पाणी सुतासारखं झालं की पात्रातला खडक उघडा पडतो, त्यात सळ्या रोवायच्या, चौथरा भरायचा आणि पाऊस यायच्या आत सिमेंट पक्कं व्हायला हवं. म्हणजे आमच्या हंगामाच्याच दिवसांत. मी शेडमध्ये शाडू मळत असायचो आणि बांबूच्या फटीतून त्याचं काम दिसायचं. त्या सबंध उन्हाळ्याची माझी आठवण म्हणजे ती फट. फटीत ऊन, उन्हात भास्कर, त्याच्या डोक्याला बांधलेला टॉवेल आणि कानात सळईवर पडणाऱ्या हातोडीचा आवाज. मी मळलेल्या मातीत त्या वर्षी खडे राहिले, बाबा दोनदा ओरडले.

चौथऱ्याच्या आधी तो माझ्याकडे आला. हात पुसत म्हणाला, "सुऱ्या, तू इथला. सगळ्यात मोठं पाणी कुठवर येतं रे?"

हा प्रश्न भास्करच विचारू शकत होता. त्याच्या गावी नदी म्हणजे वाळूचा रस्ता. आमच्या शेडमध्ये तो यायला लागल्यापासूनचे पावसाळेही बेताचे गेले होते. आम्हाला मात्र पुराचं गणित पाठ असावं लागतं, कारण ओल्या मूर्तींच्या फळ्या किती उंचीवर ठोकायच्या ते त्यावर ठरतं. बाबा त्यासाठी उंबराच्या बुंध्यावर कोयत्याने खाच पाडून ठेवायचे. नदीकडच्या अंगाला एक खाच होती, गुडघ्याएवढी, नेहमीच्या पावसाची. झाडाच्या मागच्या अंगाला दुसरी होती, माझ्या गळ्याएवढी. ती मी लहान असतानाच्या पुराची. त्या वर्षी आमचे निम्मे गणपती चतुर्थीच्या आधीच विसर्जन पावले होते.

मी त्याला पुढची खाच दाखवली. "ही बघ."

"ह्याच्या वर कधी नाही?"

"ह्याच्या वर कधी नाही."

एवढंच. तोंडातून दोन वाक्यं गेली आणि पोटातली आग एकदम शांत झाली. वाटलं, येऊ दे पाणी. बुडू दे त्याची म्हैस, सर त्याला चारचौघांत विचारू देत की हे काय केलंस, आणि पुन्हा कुणी त्याला कायमचं काही करायला बोलावायला नको. मी हा सगळा विचार नीट, पूर्ण, शब्दांत केला होता. रागाच्या भरात बोललो, चुकून बोललो, असं मला म्हणता येणार नाही.

मग गवंडी करतात तशी लेव्हल लावली. लांब पारदर्शक नळीत पाणी भरलं. एक टोक मी उंबराच्या खाचेशी धरलं, दुसरं घेऊन भास्कर पात्रात रोवलेल्या बांबूपाशी गेला. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येईपर्यंत हात हलवायचा नसतो. मी हलवला नाही. त्याने खडूने बांबूवर रेघ मारली आणि लांबून अंगठा दाखवला.

म्हैस तिथेच, जागेवर तयार झाली. आधी सळ्यांचा सांगाडा, मग त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, मग थरावर थर सिमेंट. पाठ झाली त्या दिवशी तबेल्यातली एक खरी म्हैस पाण्यातून उठून तिथवर आली, तिने सिमेंट हुंगलं आणि शेजारी बसकण मारली. धोबी काम सोडून बघायला आले. तबेल्याचा भैया म्हणाला, "अरे भास्कर, दूध कब देगी?" सगळा काठ हसला. मी शेडमधून ऐकत होतो आणि साच्यातून सोंड काढताना ती तुटली.

सिमेंटला पंधरा-वीस दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर ते उन्हाने तडकतं. भास्करला तेव्हा शहरात कुठेतरी नोकरी लागली होती, सकाळी लवकर जावं लागे. जाताना तो मला हाक मारून सांगायचा, "सुऱ्या, गोणपाट भिजव रे." मी रोज बादली घेऊन जायचो आणि म्हशीच्या अंगावरची गोणपाटं भिजवायचो. एक दिवस चुकलो असतो तरी तिच्या मानेला भेग गेली असती. चुकलो नाही. माझ्या हातांना वाईट काम करता येत नाही, तोंडाला येतं. गोणपाट उचलून मी तिचा कान बघायचो. मागे टाकलेला तो एक कान. माशी बसली म्हणून आता हलवेल, असं वाटायला लावणारा. ते मला कधीच जमलं नसतं, हे मला दर सकाळी नव्याने समजायचं आणि मी पाणी ओतायचो.

आषाढ संपता संपता चार दिवस पाऊस थांबलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी कुणीतरी शेडपुढून ओरडत गेलं, "म्हैस बुडाली! म्हैस बुडाली!" माझ्या मनात लाडू फुटले, खोटं नाही सांगत. मी डोक्यावर प्लास्टिक घेतलं आणि पुलाकडे निघालो. चालताना तोंडावर काळजीचा भाव कसा आणायचा याचा सराव करत होतो.

पुलावर ही गर्दी. कठड्याला रेलून लोक खाली बघत होते आणि कुणीही हळहळत नव्हतं. मी डोकं घातलं. तांबूस गढूळ पाणी धावत होतं आणि त्यात दोन शिंगं, एक कान आणि नाकपुड्यांचा उंचवटा, एवढंच वर होतं. पाणी त्यांच्या बाजूने वळून जात होतं. खरी म्हैस जशी डोळे मिटून अंग पाण्यात सोडून देते, सगळं सुख नाकाच्या शेंड्यावर ठेवून, अगदी तशी. सुक्या पात्रात ती सिमेंट होती. आता ती बसली होती. "काय मस्त बसलीय बघ ना यार! झकास!" माझ्या बाजूचा एकजण म्हणाला. म्हातारी माणसं पावसात उभी राहून हसत होती. पुलावरचं कुणी काही म्हणायच्या आत मला ते दिसलं होतं. मी कारागीर आहे, मला दिसतं. तेच तर वाईट.

सर छत्री सांभाळत आले, खाली बघितलं आणि लाल झाले. "भास्कर, मी काय सांगितलं होतं?"

भास्कर चिंब भिजून कठड्याशी उभा होता. "सर, इथल्याच नदीकाठच्या माणसाने खूण दाखवली होती. त्याच मापाने चौथरा घेतला."

त्याने माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. सर आणखी काही बोलणार तेवढ्यात खालच्या चाळीतल्या एक मावशी पुढे आल्या. "सर, त्याला बोलू नका हो. आमच्या कामाची आहे ही. शिंगं बुडाली की आम्ही सामान बांधून वर येणार. एवढी वर्षं कळायचंच नाही कधी निघायचं ते." सरांनी मावशींकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. अर्ध्या तासाने ते शेजारच्याला सांगत होते की पाण्याशी नातं सांगणारं शिल्प हवं, ही समितीची मूळ कल्पना होती.

घरी आलो तर बाबा दाराशी. मोतीबिंदूच्या डोळ्यावर हात धरून त्यांनीही लांबून बघितलं होतं. "म्हस जिती झाली मगे," ते म्हणाले. न विरघळणारी मूर्ती कशाला हवी, हे ते विसरून गेले होते.

मी विसरलो नव्हतो. अनंत चतुर्दशीला आमच्या शेडमधले गणपती एकामागून एक नदीवर आले. पाणी तेव्हा छातीएवढं असतं, चौथऱ्याच्या काठाला लागलेलं. पोरांनी युक्ती काढली: गणपती पाण्यात नेला की आधी चौथऱ्यावर चढून म्हशीच्या पाठीवर ठेवायचा, तिथे शेवटची आरती म्हणायची आणि मग सोडायचा. मी काठावर उभा राहून बघत होतो. मी घडवलेले, मी रंगवलेले, भास्करने डोळे काढलेले गणपती त्याच्या म्हशीच्या पाठीवर क्षणभर टेकत होते आणि खाली जात होते. म्हैस तशीच. दिवसभरात तिच्या पाठीवरून माझा अख्खा हंगाम पाण्यात गेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी शेड रिकामी. फळ्या उतरवायच्या, साचे धुवायचे, ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे. दरवर्षी हे काम आम्ही दोघं मिळून करायचो आणि त्या वर्षीही तो सुट्टी काढून आला. म्हैस जिंकली होती, माझं खोटं वाया गेलं होतं, आता ते पोटात ठेवून फायदा नव्हता. शिवाय मला त्याचा राग हवा होता. तो एकदा माझ्यावर मनापासून चिडला असता तर आम्ही बरोबरीला आलो असतो.

"भास्कर," मी म्हटलं, "ती उंबराची खाच."

"हं."

"झाडाच्या मागे आणखी एक आहे. वरची. खरी ती."

"माहीत आहे."

मी साचा खाली ठेवला. "कधीपासून?"

"चौथरा भरायच्या आधीपासून. काकांनी दाखवली. म्हणाले, सुऱ्या इसारलो असतलो."

"मग चौथरा वाढवला का नाहीस?"

"येडा आहेस का तू?" तो हसला. ब्रश बोटांत चोळून रंग काढत होता. "पाण्याबाहेर बसलेली म्हैस ही काय म्हैस आहे? मला ती बुडायलाच पाहिजे होती रे. पण सरांची अट. त्यांना सांगायचं कसं, याच विचारात होतो, तेवढ्यात तू खालची खाच दाखवलीस. सुटलो ना मी. कुणी विचारलं तर सांगायला झालं, नदीकाठच्या माणसाने दाखवली."

"मी खोटं बोललो होतो, भास्कर."

"ते कळलं."

"मग काही बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? का बोललास असं विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं." त्याने ब्रश झटकला आणि डब्यात उभा केला. "जाऊ दे ना. चहा सांग."

मी चहा सांगितला. आम्ही प्यायलो. पुढे दोन-तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावी गेला, मोठमोठी कामं केली, नाव झालं. दिवाळीला अजून फोन करतो, बाबांची आठवण काढतो, म्हशीची चौकशी करतो. माणूस वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं.

म्हशीच्या चौथऱ्यावर समितीने स्वतःचं नाव कोरलं, त्याचं कोरायचं राहून गेलं. त्यामुळे लोक मलाच विचारतात, तुम्ही मूर्तिकार ना, ही तुम्ही केलीत का? मी नाही म्हणतो, भास्करने केली. तेवढा प्रामाणिकपणा मी रोज करतो आणि रोज तो मला टोचतो. मनात मात्र एक हिशेब चालू असतो. शिंगं त्याची, कान त्याचा, ती वळलेली मान त्याची, कबूल. पण सुक्या म्हशीला बघायला पुलावर कुणी थांबत नाही. लोक छत्र्या घेऊन येतात, पोरांना कडेवर उचलून दाखवतात ते तिचं बुडणं, आणि ते बुडणं माझ्या तोंडून निघालं आहे. एवढं एक माझं नदीत टिकलं, असं मी स्वतःला सांगतो. जरा बरं वाटतं. मग आठवतं, त्याला माहीत होतं.